आकाची पडशी

तंबूचं कापड कापताना गोदाचा हात एकदाच थांबला. कात्री अर्ध्यावर आली होती. आता मागे फिरता येणार नाही हे लक्षात आलं, तशी तिने ओठ घट्ट मिटले आणि उरलेलं कापड एका दमात कापून काढलं.

कापड साधंसुधं नव्हतं. दुसरी मोठी लढाई संपल्यावर कल्याणच्या लष्करी तळावरचा माल बाजारात येऊ लागला होता. तिकडेच कामाला असलेल्या गोदाच्या मुलाने, पोपटने, हे हिरवट, जाड कापड घरी पाठवलं होतं. पाण्याचा थेंब त्यावरून मोत्यासारखा घरंगळायचा. घरात लुगडं घ्यायचं तर रेशनच्या कार्डावर नाव लागायची वाट बघावी लागत होती, अशा दिवसांत एवढं कापड म्हणजे घबाडच. गोदाच्या नवऱ्याने, सहदेवने, ते स्वतःच्या हाताने घडी करून माळ्यावर ठेवलं होतं. अवकाळी आलाच तर खळ्यातलं भात झाकायला. दिवसातून एकदा तरी तो माळ्याकडे नजर टाकून घ्यायचा.

आणि गोदाने त्याला न विचारता त्यातलं दोन हात कापलं होतं, नणंदेला पडशी शिवण्यासाठी. ज्या नणंदेच्या जाण्यावरून सहदेव आठ दिवस घरात कोणाशी धड बोलत नव्हता, तिच्यासाठी.

बायजा सहदेवाहून चार वर्षांनी थोरली. भाऊ तिला आका म्हणायचे, गोदा वन्सं म्हणायची आणि सून मैना आत्या. धाकट्या नामाच्या बाळंतपणात आई गेली तेव्हा आका बारा वर्षांची होती. दोन्ही भाऊ तिनेच वाढवले. पुढे लग्न झालं, पण मानमोडीच्या साथीत नवरा गेला आणि तेविसाव्या वर्षी ती कळंबला परत आली. आल्या वर्षीच तिने नेरळहून माथेरानला डोक्यावरून ओझी न्यायचं काम धरलं. वरच्या बंगल्यांना लागणारी भाजी, दूध, तांदूळ. कधी एखाद्या साहेबाच्या बायकोचा पुरुषभर उंचीचा आरसा. अठरा वर्षं ती तो डोंगर चढली-उतरली. त्या कष्टांवर नामा शिकला आणि खोपोलीच्या वीजघरात लागला. तो लागल्याचं कळलं त्या दिवशी आकाने डोक्यावरची चुंबळ चुलीत घातली, आणि महिन्याभरात एकटी भीमाशंकर चढून आली.

तेव्हापासून भात झोडून झालं की आका घरात ठरायची नाही. खांडसच्या बाजूने पाच वेळा भीमाशंकर झालं. पेणवरून चालत अलिबागला गेली, नुसता समुद्र बघायला, आणि तीन दिवस किनाऱ्यावर बसून आली. देव वाटेत असायचाच, पण देव हे निमित्त, हे गोदाला पक्कं ठाऊक होतं. परत आल्यावर पहाटे जात्याशी बसून आका सांगायची: कुठल्या गावच्या विहिरीला किती पायऱ्या, कुठल्या बाया लुगडं कसं नेसतात, कुठे आमटीत चिंच घालतात आणि कुठे आमसूल. ऐकता ऐकता गोदाचा हात खुंट्यावर तसाच राहायचा. स्वतः गोदा सत्तावीस वर्षांत कर्जतच्या पलीकडे गेली नव्हती. पण विचारलं असतं तर अलिबागच्या वाळूचा रंग तिने डोळे मिटून बिनचूक सांगितला असता.

गेल्या वर्षी नाशकाला सिंहस्थात आकाला एक म्हातारी भेटली. नर्मदेची परकम्मा पुरी करून आलेली. नदी उजव्या हाताला ठेवायची, कुठेही ओलांडायची नाही, एका काठाने समुद्रापर्यंत जायचं आणि दुसऱ्या काठाने वर यायचं. सगळं पायी. तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. त्यानंतर आकाच्या बोलण्यात दुसरा विषय आला नाही. मुरबाडकडचे एक बुवा या कार्तिकी एकादशीनंतर सात माणसं घेऊन निघणार होते. आकाने आधी आपलं नाव सांगून टाकलं आणि मग घरी येऊन ते सांगितलं.

सहदेव म्हणाला, "नाय जायचं." आणि जो गप्प झाला तो झालाच.

गोदाच्या डोक्यात मात्र वेगळाच किडा वळवळत होता. वन्संना वाटेसाठी काय द्यायचं? गोधडी शिवावी तर एकदा भिजली की माणसाला खाली ओढील. तांब्या द्यावा तर वन्संचा पोचा पडलेला तांब्या होता, आणि तो सोडून दुसऱ्या कशाने ती पाणी प्याली नसती. दोन दिवस डोकं चालवून झाल्यावर गोदाने विचार करणं सोडलं आणि ती नुसती वन्संकडे बघत राहिली. मोळी उचलताना वन्सं आधी मान कलती करते आणि क्षणभर डोळे मिटून घेते. उजव्या खांद्याला काही टेकू देत नाही. लुगडं फाटलं तर सुईत दोरा ओवायला सुनेला, मैनेला, हाक मारते. मैना जवळ नसली तर काम तसंच घडी करून ठेवते आणि डोळ्यांचं कुणाला कळू देत नाही.

मग गोदाने चोळीचं माप घ्यायचं निमित्त करून वन्संचा डावा खांदा मोजला आणि पडशी शिवली. एक कप्पा पुढे, एक पाठीवर, मध्ये रुंद पट्टा. पट्ट्यात सावरीचा कापूस भरला. पुढच्या कप्प्याच्या आत फडक्याची एक घडी टाचली, आणि त्या घडीत बारा सुया, प्रत्येकीत वावभर दोरा ओवून, गुंडाळून ठेवलेला.

*

द्वादशीला सकाळी नामा आणि त्याची बायको इंदूबाई खोपोलीजवळच्या साजगावहून आली. नेरळला उतरून भाड्याच्या गाडीने. गाडीतून उतरताना नामाच्या डोक्यावर पत्र्याची ट्रंक होती. निळी, झाकणावर गुलाबाची फुलं काढलेली, पितळी कडीची.

आका पडवीत तांदूळ निवडत बसली होती. नामाने ट्रंक तिच्यापुढे ठेवली आणि तो घाम पुसत म्हणाला, "आका, तुझ्यासाठी."

"मुंबईवरनं मागवली," इंदूबाई म्हणाली. "आत पितळी डबे हायती, गादी हाय, पांघरूण हाय. कशाला म्हणून कमी नाय."

आकाने ट्रंकेची कडी धरली, जमिनीपासून वीतभर उचलली आणि हळूच खाली ठेवली.

"रिकामी सा शेर," ती म्हणाली. "आता चवदा भरतेय."

नामा हसला. "काट्यावर घातलीस तरी येवढंच भरंल. आका, तुझा हात काय चुकायचा नाय."

"ती कुणी उचलायची रं पण?"

"हमाल हायत की. म्हणूनच आणली." नामा तिच्याशेजारी बसला. बोलायचं वाटेतच ठरवून आलेला दिसत होता. "आका, ऐक माझं. परकम्मा नको. काशी कर. परयाग कर. आगीनगाडीनं जायाचं, धरमशाळेत उतरायचं. मी रजा काढतो, ही पण येतेय. दीड महिन्यात घरी. तू फिरल्यासारखी पण हुशील आन आमाला घोर पण नाय."

खांबाआडून सहदेव पुढे आला. आठ दिवसांत पहिल्यांदा त्याचा आवाज घरात ऐकू आला. "नामा बोलतोय त्यात काय वाईट नाय."

गोदाने स्वयंपाकघराच्या दारातून बघितलं. दोघे भाऊ एका बाजूला झाले होते. इंदूबाईने लगेच सूर धरला. "आन मैनेचं बघा की. सातवा सरलाय तिचा. बिचारीला आय नाय म्हणून पयलं बाळंतपण हितं. तिच्याजवळ कोण बसंल? सगळ्या गावच्या पोरी तुमी सोडवल्या, आन घरचीच सोडून जाणार?"

हा घाव वर्मी बसला. आकाचा तांदळातला हात थांबला. मैना माजघराच्या उंबऱ्यात पोटावर हात ठेवून उभी होती. ती म्हणाली, "माझ्यापायी कुणी थांबू नका." पण आवाज इतका बारीक होता की त्याने कोणाचं समाधान झालं नाही, आणि आकाचं तर नाहीच.

मग आका म्हणाली, "नामा, तू माथेरान बघितलंस?"

"दोनदा."

"वर काय दिसतं?"

"सगळंच दिसतं. कल्याणची खाडी दिसती, परबळगड दिसतो..."

"मी अठरा वरसं रोज गेले. मला काय दिसलं सांगू? वाट. लाल माती, दगूड, पुढच्या बाईच्या टाचा. डोक्यावर मणाचं ओझं असलं की मान वर करता येत नाय रं. बाजूला दरी असायची, दरीच्या पल्याड काय-काय असायचं. साहेब लोक काठ्या टेकीत उभी रायची आन बोट दावायची. मी टाचा बघत जायाची." ती हे रागाने बोलत नव्हती. जात्यावर बसून सांगते तशाच आवाजात सांगत होती. "ओझं टाकून परत येताना अंधार पडायचा. म्हणून म्हणते, मला आता पायी जायाचं हाय. मान वर करून. आगीनगाडीत बसून गाव येतं आन जातं, विहीर दिसती तवर सरती. कुणाला नाव इचारायचं, कुणाच्या वट्यावर टेकायचं? तुज्या ट्रंकेवर ध्यान ठेवीत बसले तर मी परत टाचाच बघायच्या ना?"

नामा खाली मान घालून बसला. ती ओझी कोणासाठी वाहिली हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. मग तो उठला, ट्रंकेची कडी लावली आणि ती उचलून खांबामागे नेऊन ठेवली.

"इंदू, ही परत न्यायची," तो म्हणाला. "दादा, मला नको धरू तुझ्या बाजूला. माझ्यानं हिला नाय म्हणवत नाय."

इंदूबाईचा चेहरा पडला. हौसेने फुलं निवडून घेतलेली ट्रंक, आणि सगळ्यांसमोर ती खांबामागे गेली. गोदाला तिची कणव आली, पण काय बोलावं सुचेना. आकाला मात्र सुचलं. ती उठली, खांबामागे जाऊन तिने ट्रंक पुन्हा उघडली आणि डबे, गादी बाजूला सारत तळापर्यंत हात घातला. वर आली ती एक चपटी डबी.

"ही कसली गं?"

"सुंठीच्या गोळ्या," इंदूबाई पुटपुटली. "गेल्या दिवाळीला तुमी पहाटंचं खोकत हुता. मीच वळल्या."

"वळल्यास कवा?"

"परवा. मूठभर हायत नुसत्या."

"ही माझी," आका म्हणाली आणि डबी कनवटीला खोवली. "माझं खोकणं कुणी ऐकलं नाय असं मला वाटत हुतं. इंदू, हे तू लाखाचं दिलंस."

इंदूबाईने पदर डोळ्यांना लावला. पण ती हसतही होती, आणि त्यानंतर तिने परकम्मेविरुद्ध चकार शब्द काढला नाही.

मग मैना पुढे आली. ती चार इयत्ता शिकली होती, घरातली लिहिता येणारी एकमेव बाई. तिने आकाच्या हातात पोस्टकार्डांची गड्डी ठेवली. प्रत्येक कार्डावर तिच्या गोल अक्षरात कळंबचा पत्ता होता.

"आत्या, तुमाला लिवता येत नाय, आन लिवणारा सगळीकडं गावंल असं पण नाय. कोळशानं नुसती एक रेघ मारायची आन डब्यात टाकायचं. रेघ आली की आमी समजू, आत्या बरी हाय. शिक्का बघून मी गावाचं नाव वाचीन. म्हंजी तुमी कुठवर गेलात ते सगळ्यांना कळंल."

"आन बरी नसले तर?"

"दोन रेघा."

"दोन मारायची पाळी यायची नाय," आका म्हणाली. तिने कार्डं मोजली नाहीत, नुसती पत्त्यावरून अंगठा फिरवत राहिली. आपल्या घराचं नाव लिहिल्यावर असं दिसतं, हे तिने पहिल्यांदाच इतक्या जवळून बघितलं असावं.

आता गोदाची पाळी होती. तिने पडशी पदराखालून काढली. बोलायचं ठरवलेलं सगळं ती विसरली. नुसतं म्हणाली, "वन्सं, डाव्या खांद्यावर घ्या."

आकाने पडशी खांद्यावर टाकली. पट्टा बसला, कप्पे पुढे-मागे सारखे झाले. तिने मान उजवीकडे वळवली, डावीकडे वळवली, वर आढ्याकडे बघितलं. मग आतल्या घडीत बोटं घातली आणि एक एक सुई चाचपली. बारावी सुई झाली तरी ती मान वर करीना.

"तुला कधी कळलं गं?" तिने हळूच विचारलं.

गोदा उत्तर देणार इतक्यात मागून सहदेव बोलला. "ते कापड कुठलं?"

सहदेव दोन ढांगांत जवळ आला, पडशीच्या कडेला हात लावला. त्याने माळ्याकडे बघितलंही नाही.

"तू कापलंस?"

"मी कापलं."

"मला न इचारता?"

"इचारलं असतं तर तुमी नाय म्हणला असता."

"सगळी एक झालासा," सहदेव म्हणाला. "नामा फिरला. ही पोर रेघांची भाषा शिकवतेय. आन तू? तू पण?" त्याचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि गोदाला तेच जास्त लागलं. "भाताला कापड नसलं तर भात भिजंल. वरसाचं नुकसान. पण ही तिकडं कुठंतरी पडली, तर आमाला कळायचं पण नाय. तिला उचलाया आमच्यातलं कुणी नसंल. त्याचा इचार केलास कापताना?"

तो वळला. अंगणात गेला, बैल जुंपले आणि गाडी वाटेला लावली. कुठे म्हणून सांगितलं नाही.

*

दुपारभर त्याची वाट बघण्यात गेली. भाकऱ्या झाल्या, कोणी धड जेवलं नाही. आका मागच्या दारी पायरीवर बसली होती. पडशी तिच्या मांडीवर होती. गोदा जाऊन शेजारी बसली.

"आय गेली तवा पण असाच गेला हुता," आका म्हणाली. "आठ वरसांचा. दोन दिस खळ्यात पेंढ्यात बसला. मीच जाऊन आणला. त्याला जाऊन आणावा लागतो गं, आपसूक येत नाय तो." ती उठू लागली. "नदीकडच्या शेतात असंल."

गोदाने तिचा हात धरला. "या खेपेला तुमी नाय जायचं."

"मग उद्याचं पण नको. पाठ फिरवून बसलेल्या भावाला टाकून मी निघणार नाय. आन इंदू बोलली ते खोटं नाय, मैनेची कंबर लहान हाय. माझा जीव हितंच अडकून रायचा. तसल्या जीवानं कसली परकम्मा?"

तिने पडशी गोदाच्या मांडीवर ठेवली. गोदा त्या हिरव्या कापडाकडे बघत राहिली. तिच्या मनात एक क्षण आनंद उमटून गेला हे तिला नाकारता आलं नसतं. वन्सं राहणार. जातं परत दोघींचं.

"वन्सं, एक सांगते," ती म्हणाली. "तुमी निघू नये असं मला पण वाटत हुतं. दादल्याशी मी दिवसभरात चार शबूद बोलते. बाकीचं माझं सगळं बोलणं तुमच्याशी. तुमी गेलात की पहाटं मी कुणाचं ऐकू? पण हे शिवायला घेतलं, आन दर टाक्याला मला तुमी दिसत गेलात. कुठल्या तरी वाटंनं चाललाय, मान वर हाय, खांद्यावर ही. तुमी हितं बसलात तर मी काय बघू? आमी बाया कुठं जात नाय. तुमी जाता म्हणून आमी जातो."

आकाने तिच्याकडे बघितलं. सत्तावीस वर्षांत दोघी एकमेकींशी इतकं सरळ बोलल्या नव्हत्या.

"येवढं साठवलं हुतंस व्हय?" आका म्हणाली.

दिवेलागणीला बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. नामा कंदील घेऊन अंगणात धावला. गाडीतून सहदेव उतरला, आणि त्याच्यामागून, लुगड्याचा काचा सावरत, एक जाडजूड बाई.

गोदाने हातातली पणती उंच धरली. ती तिची सख्खी थोरली बहीण होती. कशेळ्याची भागूबाई.

पाच वर्षांपूर्वी पोपटच्या लग्नात पंगतीच्या मानावरून सहदेव भागूबाईला चार माणसांत नको ते बोलला होता. भागूबाई भरल्या ताटावरून उठली होती आणि या घरचं पाणी पिणार नाही म्हणून निघून गेली होती. गोदाचं माहेर त्या दिवशी तुटलं. पाच वर्षं तिने बहिणीचं तोंड बघितलं नव्हतं. आणि डोंगरपट्टीतल्या पाड्या-पाड्यांवरून अडलेल्या बाळंतिणीसाठी बोलावणं यायचं ते याच भागूबाईला.

"बघतीस काय?" भागूबाई पडवीत चढत म्हणाली. "पाणी आण. पाच वरसं तहानलेय मी."

गोदाने पाणी दिलं. भागूबाईने तांब्या रिकामा केला, तोंड पुसलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "भरल्या बाजारात आला हा. मी आपली मिरच्या घेतेय. पुढ्यात उभा रायला, टोपी काढली, आन म्हणाला, माझं चुकलं हुतं, गाडीत बस. मी म्हटलं घरी चल, घरात बोलू. तर म्हणतो, बोललो हुतो चार माणसांत, तवा मागणं पण चार माणसांत."

सहदेव बैल सोडत होता. त्याने सगळं ऐकलं, पण काम सोडलं नाही. बैल बांधून झाल्यावर तो आकासमोर येऊन उभा राहिला.

"भागूबाय हितं रायाची हाय," तो म्हणाला. "बाळ सव्वा महिन्याचं होईतवर. मैनेचं ती बघंल. तुला त्याचा घोर नको."

सहदेवने टोपी सारखी केली.

"दुसरं काय देऊ मला कळंना. नामासारखं मला बाजारातलं समजत नाय. सकाळपासनं डोक्यात हेच हुतं. तू निघालीस आन वाटंत पोरीच्या काळजीनं मागं बघत रायलीस, तर ते काय बरं नाय. जायाचं तर नीट जा."

"सहादू," आका म्हणाली. हे त्याचं लहानपणीचं नाव होतं. तिने त्याच्या टोपीखालच्या पिकलेल्या केसांवरून हात फिरवला, आणि एरवी कधी डोळ्याला पाणी न येऊ देणारा तो माणूस तोंड फिरवून बैलांकडे बघत राहिला.

घरात गलका झाला. भागूबाईने मैनेला उजेडात उभी करून तिच्या पोटावर हात ठेवला आणि "आडवं नाय, चांगलं हाय" म्हणून निकाल दिला. इंदूबाईने तिची ट्रंक उघडली. गादी भागूबाईला अंथरली, डबे मैनेच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी फळीवर लावले. ट्रंक कुठेच परत जाणार नव्हती. गोदा बहिणीला वाढताना नवऱ्याकडे बघत होती. या माणसाला मी ओळखते असं ती सत्तावीस वर्षं समजत आली होती.

*

सकाळी सूर्य डोंगराच्या वर यायच्या आत सगळे नदीच्या उतारापर्यंत गेले. पलीकडच्या काठावर बुवा आणि बाकीची माणसं थांबली होती. तिथून चालत नेरळ, मग गाडीने खांडवा, आणि पुढे सगळं पायी.

आकाने मैनेच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. नामाला आणि इंदूबाईला जवळ घेतलं. गोदाला पाया पडू देईना. तिचे दोन्ही हात धरून नुसती उभी राहिली. मग सहदेवला थोडं बाजूला घेऊन गेली. दोघांचं काहीतरी बोलणं झालं. सहदेव हात करून काही दाखवत होता आणि आका मान डोलवत होती.

मग तिने लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात उतरली. पडशी डाव्या खांद्यावर होती, हात मोकळे होते. पाणी गुडघ्याला लागलं तेव्हा ती थांबली, वरच्या अंगाला बघितलं, खालच्या अंगाला बघितलं. जन्मभर ओळखीची नदी, पण तीही ती नवी असल्यासारखी बघत होती. पलीकडे चढून ती माणसांत मिसळली. तिची चाल सगळ्यांत वेगळी कळत होती. पन्नाशीची बाई, पण शेवटच्या वळणापर्यंत ताठ दिसत राहिली.

परत येताना बाकीचे पुढे गेले. गोदा आणि सहदेव मागे राहिले.

"काय बोलत हुता येवढं?" गोदाने विचारलं.

"काय नाय. तिकडं म्हणं काळी जमीन हाय, वरचं पाणी न देता गहू येतो. परत येताना मूठभर बी आण म्हटलं."

"आन त्या काय म्हणाल्या?"

"आणते म्हणाली. कोपऱ्यातला वाफा मोकळा ठेव म्हणाली."

गोदा चालता चालता थांबली. "आवो, पण आपल्या जमिनीत गहू कुठं होतोय?"

"नाय होयाचा," सहदेव म्हणाला. "मला ठावं हाय. तिला पण ठावं हाय."

तो खळ्याकडे वळला. भाताचे भारे झोडायचे पडले होते.